चांगल्या डोळ्यावरची पट्टी

डॉक्टरांनी कौशीचा डावा डोळा तळहाताने झाकला आणि ती एवढ्या मोठ्याने किंचाळली की रांगेतल्या दोन म्हाताऱ्या दचकून उभ्या राहिल्या.

"काय झालं? दुखलं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"अंधार केला," कौशी म्हणाली.

"अंधार कुठाय? हा दुसरा डोळा उघडाच आहे की. सांग बघू, ही किती बोटं?"

कौशीने हात लांब केला, डॉक्टरांची बोटं एकेक करून चाचपली आणि म्हणाली, "तीन."

मी खुदकन हसले. डॉक्टर हसले नाहीत.

आमच्याच शाळेत, आमच्याच आठवी अ च्या वर्गात ते नेत्रशिबिर भरलं होतं. मी तेरा वर्षांची, कौशी पाच. आई बिड्या वळायची आणि त्या दिवशी कारखान्यात बिड्या पोचवायच्या होत्या, म्हणून तिने कौशीला माझ्या गळ्यात टाकलं होतं. वडील एसटीवर ड्रायव्हर, दुसऱ्या डेपोला. आठवड्याला एकदा घरी.

कौशीचा उजवा डोळा जन्मापासूनच नाकाकडे पळायचा. सिन्नरच्या अलीकडचं आमचं गाव, त्यामुळे गल्लीतली पोरं तिला 'एक डोळा नाशिकला, एक डोळा नगरला' म्हणत. ते पहिल्यांदा मीच म्हटलं होतं. शेजारच्या गोदाकाकूंचं म्हणणं, आईने पोटुशी असताना ग्रहणात विळी हातात धरली म्हणून हे झालं. वडील म्हणत, चकणी पोर भाग्याची असते. ती झाली आणि मी नोकरीत कायम झालो, कशाला छेडता त्या डोळ्याला? एवढे सगळे जाणकार घरात असल्यामुळे पाच वर्षं तिला कुणी डॉक्टरकडे नेलं नव्हतं.

"तू हिची कोण?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"मोठी बहीण. सिंधू."

"मग नीट ऐक. दोन डोळे दोन बाजूंना बघायला लागले की मेंदूला दोन चित्रं मिळतात. त्याला ती जुळवता येत नाहीत. मग तो वाकड्या डोळ्याचं ऐकणंच सोडून देतो. तो डोळा आळशी होतो, बघायचं विसरतो. आता कामसू डोळ्याला सुट्टी दिली, तर आळशाला उठावंच लागेल की नाही?"

"हो."

"म्हणून चांगला डोळा झाकायचा. कुठला?"

"डावा."

"पुन्हा सांग."

"डावा. चांगला."

"शाबास. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत. ती रडेल, पडेल, तुला बोचकारेल. तरी काढायची नाही. दोन महिन्यांनी आम्ही परत येतोय, तेव्हा चष्मा देऊ. डोळा सरळ करायचं ऑपरेशन पुढे कधीही होतं, पण त्याला बघायला शिकवायचं वय हेच. सात-आठ वर्षांची झाली की संपलं. मग कुणी काही करू शकत नाही."

त्यांनी एका कागदावर इंग्रजीत चार ओळी खरडल्या आणि तो माझ्या हातात दिला. मला त्यातला एकच शब्द वाचता आला. लेफ्ट.

आईने काळ्या कापडाची दुहेरी पट्टी शिवली आणि बिड्यांना गुंडाळायच्या दोऱ्याचा पीळ करून तिला बंद लावले. मी ती डाव्या डोळ्यावर बांधली तशी आई म्हणाली, "अगं, चांगल्या डोळ्याला काय बांधतीस?"

"डॉक्टरांनीच सांगितलंय."

"असं कसं सांगतील? इजा एकीकडं आन् पट्टी दुसरीकडं?"

गोदाकाकू दारातच होत्या. त्या म्हणाल्या, "आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी! ही पोरगी काही तरीच ऐकून आली असंल. वाईट असतं ते झाकायचं असतं, हे काय शिकवायला पायजे?"

मी भांडले. मेंदू, आळशी डोळा, कामसू डोळा, सगळं डॉक्टरांच्या थाटात हात हलवून सांगितलं. आईला निम्मं कळलं नाही, पण मी शाळेत पहिल्या पाचांत होते आणि घरात वडिलांखालोखाल वाचता येणारी मीच होते. तिने कागद रेशनकार्डाच्या डब्यात ठेवला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे मंग. तुला कळतंय तर तसंच कर." त्या आठवड्यात मी खरंच चांगली होते. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण यापुढे माझ्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं काही नाही.

कौशीने घर डोक्यावर घेतलं. पहिल्याच दिवशी ती आईच्या मांडीवरच्या सुपाला धडकली आणि तंबाखू घरभर सांडली. दुसऱ्या दिवशी हौदाला थडकून कपाळावर टेंगूळ आणलं. जेवताना घास ताटाबाहेर शोधायची. आईचे दोन्ही हात दिवसभर पानात आणि तंबाखूत; तेव्हा कौशीला धरायला मीच. मोरीत मी, अंगणात मी, दुकानात मी. माझ्या परकराची चुण तिच्या मुठीत असायची. झोपेत सोडवायला गेलं तरी सुटायची नाही.

गल्लीतल्या पोरांना तर आयतंच खेळणं मिळालं. ती तिला मध्ये घेऊन आंधळी कोशिंबीर खेळायची. खेळात निदान पोराला ठाऊक असतं की पट्टी सोडली की खेळ संपला. इथे पोरं तिला गोल फिरवून ढकलत आणि ती 'आक्का, आक्का' करत भलत्याच पोरीला मिठी मारायची. मग सगळे टाळ्या पिटायचे. मी चवथ्या दिवसापर्यंत त्यांना दगड मारले. पाचव्या दिवशी मला कंटाळा आला आणि मी ओट्यावर बसून बघत राहिले.

कारण मला दुसरीच घाई होती. आमचा खो-खोचा संघ पहिल्यांदाच जिल्ह्याला जाणार होता. गायकर सर रोज संध्याकाळी साडेपाचला सराव घ्यायचे. नऊ जणींत माझं नाव होतं, पण अजून पक्कं नव्हतं. खांबाला हात लावून वळायचं आणि सूर मारून गडी टिपायचा, यात माझ्यासारखी कुणी नव्हती. पण सुमन दिघे नावाची एक मुलगी राखीव होती आणि तिच्या घरी धरून फिरवायला कुणी नव्हतं.

आठव्या दिवशी मी कौशीला मैदानावर नेलं. दुसरा इलाजच नव्हता. तिला लिंबाखाली बसवलं, तिच्या फ्रॉकचा मागचा बंद झाडाच्या खालच्या फांदीला बांधला आणि म्हटलं, "हललीस तर इथंच सोडून जाईन."

"किती वेळ?"

"शंभरपर्यंत मोज."

तिला वीसपर्यंतच आकडे येत होते. तिने वीस किती वेळा मोजले ठाऊक नाही. मला खो मिळाला, मी खांबाकडे सुटले, वळले, समोरच्या मुलीवर झेप टाकली आणि मधे काही तरी मऊ आलं. आम्ही दोघी मातीत. फ्रॉकचा बंद तोडून आलेल्या कौशीचा ओठ फाटला होता. ती उठली, दोन्ही हातांनी समोरची हवा चाचपली आणि माझ्या नव्हे, सुमनच्या पायाला बिलगली.

सगळ्या मुली हसल्या. सरही हसत होते, मग एकदम चिडले.

"सिंधू, ही आंधळी घेऊन जिल्ह्याला जाणारेस का?"

"सर, आठ दिवसच झालेत. दोन महिने..."

"दोन महिने? स्पर्धा तीन आठवड्यांवर आलीय. उद्या हिला आणणार असशील तर तू येऊ नको. सुमन, उद्यापासून हिच्या जागी, हिच्या पाटीवर तू बस."

घरी जाताना मी कौशीचा दंड इतका आवळून धरला होता की दुसऱ्या दिवशी तिथे माझी चार बोटं निळी उमटली होती. ती रडत होती. 

आईने रक्त बघितलं आणि सूप बाजूला ठेवलं. वळत असलेली बिडी अर्धी ठेवून ती कधी उठायची नाही. त्या दिवशी उठली. कौशीला मांडीवर घेतलं, पदराने ओठ पुसला आणि माझ्याकडे बघून अगदी हळू बोलली.

"सिंधे, खरं सांग. मी मारायची न्हाई. तुझी ऐकण्यात चूक झाली आसंल तर तसं सांग. डॉक्टर कुठला डोळा बांधा म्हनले व्हते? चांगला का वाकडा?"

कौशीचे हुंदके चालू होते. बाहेर गोदाकाकूंच्या रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. साडेसहा वाजले असतील. उद्या याच वेळी मैदानावर सुमन माझ्या पाटीवर बसलेली असेल.

"वाकडा," मी म्हणाले.

आईने खाडकन माझ्या थोबाडीत मारली.

"आठ दिस! आठ दिस माझ्या लेकराला आंधळी केलीस! एवढं आठवीत जाऊन तुला उजवं-डावं कळंना?" आणि दुसरी मारली.

मला मुळीच रडू आलं नाही. उलट बरं वाटलं. मार खाल्ला की हिशेब मिटतो, असं तेव्हा मला वाटायचं.

आईने कौशीच्या डाव्या डोळ्यावरची पट्टी सोडली आणि उजव्यावर बांधली. कौशीने पापणी दोन-तीनदा मिटली, उघडली. घरभर बघितलं. मग माझ्याकडे बघून फाटक्या ओठाने हसली.

"आक्का, तू दिसली," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून सगळं घर सुखी झालं. कौशी एकटी अंगणात खेळायला लागली. वाकडा डोळा झाकल्यामुळे ती दिसायलाही छान दिसे. गोदाकाकूंनी पाच घरी जाऊन सांगितलं, "म्या म्हटलं नव्हतं?" वडील सुट्टीवर आले, तिला उचलून घेऊन म्हणाले, "आता कशी ठकी दिसते!" आणि मी साडेपाचला मैदानावर होते. सुमन पुन्हा राखीव झाली.

जिल्ह्याला आम्ही दुसऱ्याच फेरीत हरलो.

परत आल्यावर खरं सांगावं असं दोन-तीनदा मनात आलं होतं. पण आईने दोन थोबाडीत मारल्या होत्या त्या मी खरं बोलत होते त्या आठ दिवसांसाठी. खोटं कबूल केलं तर किती मारील, याचा अंदाज येईना. दोन महिन्यांनी डॉक्टर येणार होते. त्याआधी एक सोमवार आला आणि शाळेच्या फळ्यावर खडूने शिबिराची तारीख लिहिलेली दिसली. आई काही फळा वाचायला येणार नव्हती. मी घरी सांगितलं नाही. तो दिवस आला आणि गेला. पुढे महिन्याभराने आईनेच विचारलं, "ते डाक्तर येनार व्हते, त्यांचं काय झालं?"

"ते काही आले नाहीत," मी म्हणाले.

आईने आणखी थोडे दिवस वाट बघितली, मग पट्टी सोडून चुलीत टाकली. डोळा होता तसाच वाकडा होता. वडील म्हणाले, भाग्याचा डोळा असा पट्टीने जात असतो होय?

कौशी दहा वर्षांची झाली तेव्हा चहा ओतायला लागली. कप इथे असायचा आणि ती चहा शेजारी ओतायची. सुईत दोरा ओवताना सुईच्या आजूबाजूला भोसकत राहायची. एकदा उकळता चहा तिने डाव्या हातावर ओतून घेतला. फोड बघून आई म्हणाली, आता नाशिकला मोठ्या डॉक्टरला दाखवू. तिथे बोलायला कुणी तरी शिकलेलं हवं, म्हणून मला बरोबर घेतलं. मी तेव्हा बारावी झाले होते आणि खो-खोच्या प्रमाणपत्रांवर मला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता.

नाशिकच्या डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी कौशीचे डोळे दिव्याखाली धरून खूप वेळ तपासले. मग तिला बाहेर बाकावर बसवलं.

"ऑपरेशन करून हा डोळा सरळ करता येईल. लग्नाच्या वेळी बरं दिसेल. पण त्याला दिसणार नाही. याची नजर मेली आहे. इतकी वर्षं काय करत होतात तुम्ही? कुणालाच दाखवलं नाही?"

"दाखवलं व्हतं की," आई घाईने म्हणाली. तिने पिशवीतून रेशनकार्डाचा डबा काढला, तो उघडला आणि पाच वर्षांपूर्वीचा चौघडी केलेला कागद टेबलावर ठेवला. तो डब्यात अजून आहे, हे मला ठाऊक नव्हतं. "पट्टी बांधली व्हती आमी. दोन-तीन महिने. रोजच्या रोज."

डॉक्टरबाईंनी कागद वाचला.

"बरोबर लिहिलंय यात. डावा डोळा झाकायचा. झाकला होता?"

"डावा?" आई म्हणाली.

"चांगला डोळा. चांगला झाकला की वाईटाला काम करावं लागतं. इथे स्वच्छ लिहिलंय. तुम्ही कुठला झाकलात?"

 आईने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी पहिल्या दिवशी कशी भांडले होते, हात हलवून डॉक्टरांसारखं कसं सांगितलं होतं आणि आठव्या दिवशी काय म्हणाले होते, ते सगळं तिच्या तोंडावर एकामागून एक येताना मला दिसलं. मी टेबलावरच्या कागदाकडे बघत होते. तोंड उघडायला एवढा वेळ मला आयुष्यात पुन्हा कधी मिळाला नाही.

"वाकडा," आई म्हणाली. "मीच बांधली. माझ्याच हातानं."

"अहो, पण एखाद्याला विचारायचं! घरात लिहिता-वाचता येणारं कुणी नव्हतं का?"

"न्हाई," आई म्हणाली.

डॉक्टरबाई मग खूप बोलल्या. अडाणीपणा, अंधश्रद्धा, मुलीचा जन्म वाया घालवला, स्वतःच्या पोरीचा डोळा आईनेच फोडल्यासारखं आहे हे. परिचारिका दारात उभी राहून ऐकत होती. आई हात जोडून 'व्हय बाई', 'चुकलं बाई' म्हणत होती. मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते, अंगात कॉलेजसाठी घेतलेला नवा पंजाबी ड्रेस होता.

बाहेर आल्यावर कौशी नळावर पाणी प्यायला गेली. आई म्हणाली, "तुला ठावं व्हतं."

"हो."

"खेळासाठी?"

"हो."

 मला वाटलं, आता मारील. मार मिळावा असं मला फार वाटत होतं.

"कौशीला सांगू नको," आई म्हणाली. "तिला तुझा लई लळा हाये. एक डोळा गेला, आता बहीन तरी ऱ्हाऊ दे तिला." आणि कौशी तोंड पुसत आली तसा तिने तिचा हात धरला आणि स्टँडकडे चालायला लागली.

नंतर वडिलांनी, आत्यांनी, गोदाकाकूंनी, सगळ्यांनी हेच धरलं की आईच्या अडाणीपणाने पोरीचा डोळा गेला. वडील मरेपर्यंत भांडणात तेच काढत. आईने एकदाही 'मी नाही' म्हटलं नाही. आणि माझ्यावरही तिने कधी आवाज चढवला नाही. फक्त माझ्याकडून पुन्हा कधी काही वाचून घेतलं नाही. पत्र आलं, विजेचं बिल आलं, औषधाची बाटली आली तरी ती कागद घेऊन शेजाऱ्यांच्या दारी जाई. मी घरात बसलेली असताना सुद्धा.

मी शाळेत खेळाची शिक्षिका झाले. तीस वर्षं मुलींना खांबाला वळायला शिकवलं. कौशीचा डोळा अठराव्या वर्षी ऑपरेशनने सरळ केला, गावातल्याच एका टेलरशी तिचं लग्न झालं. आता दोन्ही डोळे समोर बघतात. बघणाऱ्याला काही कळत नाही.

मागच्या फेब्रुवारीत आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी रजा काढून गेले. कौशी तिच्याजवळ होतीच. तिसऱ्या दिवशी सकाळी थेंब घालायची वेळ झाली, तशी मी हात धुतले, बाटली उचलली आणि आईजवळ गेले.

"आई, मान मागं कर."

आईने उघड्या डोळ्याने माझ्या हातातल्या बाटलीकडे बघितलं.

"कौशे," तिने हाक मारली. "थेंब घाल गं."

कौशी स्वयंपाकघरातून आली. "आक्का आहे ना. तिला घालू दे. माझा नेम चुकतो, तुला ठाऊक आहे."

"तूच घाल."

कौशीने हसून माझ्या हातातून बाटली घेतली. मान एका बाजूला कलती केली, बाटली आईच्या डोळ्यावर धरली आणि दाबली. थेंब आईच्या गालावर पडला.

"बघ, मी म्हटलं नव्हतं? आक्का, तू घाल गं बाई."

"चुकू दे," आई म्हणाली. "पुन्यांदा घाल."

दुसरा थेंब भुवईवर पडला आणि कानाकडे ओघळला. आई पापणी ताणून तशीच पडून होती. बाटलीचं टोपण माझ्याच हातात राहिलं होतं.

"आई, मी घालते ना," मी म्हणाले.

"घाल गं कौशे," आई म्हणाली. "सावकाश. मला घाई न्हाई."